जेनचा पांढरा झगा आणि कापून गेलेलं नाव: इंग्लंडच्या राजघराण्याची एकोणिसाव्या शतकातली छापचित्रं

शिसपेन्सिल

आजोबा तालुक्याच्या शाळेत इतिहास आणि इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत वह्या, जुनी पंचांगं आणि गुंडाळी करून ठेवलेली काही सुटी चित्रं होती, कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून निखळलेली. त्यातलं एक मी लहानपणी किती वेळा बघितलं असेन याला गणतीच नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक मुलगी पांढऱ्या झग्यात गुडघ्यांवर बसलीय आणि दोन्ही हात पुढे करून काहीतरी चाचपडतेय. तिच्यावर वाकलेला एक वयस्कर माणूस तिला धरतोय. आजीला वाटायचं तो तिला उठवतोय. "बरं झालं, कुणीतरी हात दिला पोरीला," असं ती म्हणायची. तो माणूस तिला उठवत नाहीये, तिचे हात शिरच्छेदाच्या ठोकळ्याकडे नेतोय, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आजीला मी ते कधीच सांगितलं नाही.

ती मुलगी म्हणजे लेडी जेन ग्रे. १० जुलै १५५३ ला इंग्लंडची राणी म्हणून तिच्या नावाची द्वाही फिरली आणि १९ जुलैला तिचं राज्य संपलंसुद्धा. नऊ दिवस. पुढे १२ फेब्रुवारी १५५४ ला टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याच्या आवारात तिचा शिरच्छेद झाला. वय सोळा-सतरा. त्या काळच्या बखरवजा नोंदीत लिहिलंय की पट्टी बांधल्यावर तिला ठोकळा सापडेना, तेव्हा ती म्हणाली, "आता काय करू? कुठे आहे तो?" फ्रेंच चित्रकार पॉल देलारोशने १८३३ साली नेमका हाच क्षण रंगवला. कुऱ्हाड उचललेली नाही, रक्त नाही. जमिनीवर पेंढा पसरलाय, तो कशासाठी हे आपलं आपल्याला उमगतं. डावीकडे दोन दासी: एक जेनचा उतरवलेला पोशाख मांडीवर घेऊन कोसळलीय, दुसरीने भिंतीकडे तोंड केलंय. १८३४ साली हे चित्र पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, लागलं तेव्हा लोकांची रीघ लागली होती. मग त्याची कोरीव छापचित्रं निघाली आणि घरोघर गेली. त्यातलंच एक कसंबसं आमच्या तालुक्यापर्यंत पोचलं.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. मागच्या महिन्यात मी नातवासाठी आणलेलं भिंग सहज त्या चित्रावर धरलं. अंधारा भाग म्हणजे रेघांचं जाळं, रेघेवर तिरकी रेघ, आणि मधल्या चौकटीत बारीक ठिपका. पण जेनच्या झग्यावर आल्यावर रेघा विरळ होत जातात, आणि खांद्याशी तर काहीच नाही. तिथे नुसता कागद आहे. इतकी वर्षं मी जो पांढरा रंग बघत होते तो कुणी छापलेलाच नाही. कोरणाऱ्याने सगळीकडे हात चालवला आणि तेवढी जागा तशीच सोडली. मला रात्री बराच वेळ झोप आली नाही.

आता वाईट गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी हे चित्र मी फ्रेम करायला दिलं होतं. फ्रेमवाल्याने मापात बसवायला खालचा समास कापला. समासात डावीकडे चित्रकाराचं नाव होतं आणि उजवीकडे कोरणाऱ्याचं. चित्रकाराचं नाव काय, सगळ्या जगाला माहीत आहे. कोरणाऱ्याचं गेलं. तेव्हा मला त्याची किंमत कळली नाही.

कुणाला या छापचित्रांबद्दल माहिती असेल तर सांगा. हे कसं करत असत, कोण करत असे, आणि अशी आणखी कुठली चित्रं तुमच्या पाहण्यात आहेत?

रानजाई

आजीचा प्रसंग वाचून गलबलून आलं. फोटो टाका ना ताई.

कोरणी

ताई, मी प्रिंटमेकिंग शिकलोय आणि अजूनही पत्र्यावर काम करतो. तुम्ही जे पाहिलंत ते कोरणाऱ्यांच्या कामाचं मर्म आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

धातूच्या पत्र्यावर कोरताना ब्युरिन नावाचं टोकदार हत्यार पुढे रेटायचं. हात जवळजवळ स्थिर, पत्रा चामड्याच्या उशीवर ठेवून तोच फिरवायचा. ब्युरिनने सर, म्हणजे बारीक खाच, पडते. सगळ्या पत्र्याला शाई फासून वरची पुसून काढली की ती फक्त सरींत उरते. मग ओला कागद ठेवून, वर लोकरीचं कापड घालून, दोन रुळांच्या दाबाखालून पत्रा काढायचा. कागद सरींत घुसून शाई ओढून घेतो. चांगल्या छापावर बोट अलगद फिरवलं तर रेघ उभारलेली जाणवते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली खूणही दिसते, अर्थात समास शिल्लक असेल तर.

म्हणजे या पद्धतीत कोरशील तिथे काळं, न कोरशील तिथे पांढरं. रेघ खोल गेली की जाड, हलकी ठेवली की केसासारखी. चौकटीतला ठिपका म्हणालात तो अंधार भरीव करायला टाकतात, नाहीतर जाळी जाळीसारखीच दिसते. जेनचा झगा साटिनचा. साटिनची चकाकी दाखवायची तर घडीच्या पोटात चार लयदार रेघा, आणि घडीच्या पाठीवर हात आवरायचा. हे आवरणं फार अवघड असतं. पत्र्यावर पडलेली रेघ खोडता येत नाही. चूक झालीच तर ती जागा खरवडून, पाठीमागून ठोकून वर आणावी लागते.

देलारोशच्या या चित्राचं सर्वांत नावाजलेलं मोठं कोरीवकाम पाओलो मर्क्युरी या इटालियन माणसाचं. चित्र १८३३ चं आणि त्याचा पत्रा तयार होईतो १८५० चं दशक सरत आलं. चित्रकाराचं आयुष्य एवढ्यात आटोपलं, देलारोश १८५६ साली वारला. तुमच्याकडचा आकार लहान वाटतो, त्यामुळे ते मर्क्युरीचं नसून कुणीतरी पुस्तकासाठी पोलादी पत्र्यावर पुन्हा कोरलेलं असावं. तांब्याच्या पत्र्यावरच्या बारीक रेघा काही शे छापांनंतर झिजायला लागतात. १८२० नंतर पोलादी पत्रे रुळले आणि हजारो प्रती निघू लागल्या. म्हणून तर पुस्तकांत अशी चित्रं घालणं परवडू लागलं.

एक सांगा, तुमच्या चित्रात मारेकरी कुठल्या बाजूला उभा आहे?

शिसपेन्सिल

उजवीकडे. कुऱ्हाडीला हात लावून, पण नजर जेनवर रोखलेली नाही, मान किंचित कललेली. दासी डावीकडे.

कोरणी

मूळ चित्रातही तसंच आहे. छाप नेहमी पत्र्याच्या उलटा येतो, त्यामुळे कोरणाऱ्याला सगळं चित्र आरशात बघून उलटं कोरावं लागतं. घाईच्या, स्वस्त नकलांत हे टाळायचे आणि चित्र डावं-उजवं होऊन छापलं जायचं. तुमच्या माणसाने आरसा वापरलाय. काम मन लावून केलेलं आहे.

सरळरेघ

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मी तीस वर्षं इतिहास शिकवला आणि या जातीच्या चित्रांशी माझं कायमचं भांडण आहे.

जेन ग्रेचा शिरच्छेद बंद तळघरात झाला नाही. टॉवरच्या आवारातल्या हिरवळीवर, उघड्यावर झाला. तिच्या अंगात पांढरं साटिन नव्हतं, काळा पोशाख होता. देलारोशने उजेड बदलला, जागा बदलली, कपडे बदलले, आणि कोरणाऱ्यांनी ती चूक हजारो घरांत पोचवली. आज डोळे मिटून जेन ग्रे आठवा म्हटलं तर पांढराच झगा येतो.

दुसरं उदाहरण मॅग्ना कार्टाचं, सरदारांनी किंग जॉनकडून मिळवलेल्या सनदेचं. १५ जून १२१५, रनीमीडचं कुरण. एकोणिसाव्या शतकातल्या छापचित्रांत किंग जॉन हमखास पिसाची लेखणी घेऊन बसलेला, चेहऱ्यावर संताप, भोवती चिलखतातले सरदार. आता त्या सनदेवर कुणी सही केलीच नव्हती. त्या काळी राजाची मोहर लागायची, तीही राजा स्वतःच्या हाताने लावत नसे. १२१५ च्या चार प्रती आजही आहेत, दोन ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनची आणि एक सॉल्झबरीची. एकीवरही सही सापडायची नाही. तरी २०१५ साली आठशे वर्षं झाली म्हणून ब्रिटनच्या टांकसाळीने दोन पौंडांचं नाणं काढलं, त्यावर जॉनच्या हातात पीस! इतिहासकारांनी टीका केली, पण नाणं निघालं ते निघालंच. चित्राने डोक्यात घर केलं की ते काढणं किती कठीण, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

मुलं मजकूर विसरतात, चित्र लक्षात ठेवतात. म्हणून चित्र काढणाऱ्यावर जबाबदारी जास्त.

ओवी

सरळरेघ सर, तुमचं म्हणणं पटतं. पण एक प्रश्न विचारावासा वाटतो: देलारोश फ्रेंच. त्याला इंग्लंडच्या राजाराण्यांचं एवढं वेड का? मी या प्रश्नामागे दोन वर्षं वाचत होते, ते थोडक्यात मांडते.

त्याची चित्रं ओळीने बघा. १८२८: मरणशय्येवरची पहिली एलिझाबेथ. १८३०: टॉवरमध्ये कोंडलेले दोन राजपुत्र. १८३१: शिरच्छेद झालेल्या पहिल्या चार्ल्सच्या शवपेटीचं झाकण उघडून आत बघणारा त्याचा शत्रू क्रॉमवेल. १८३३: जेन ग्रे. मग वधस्तंभाकडे निघालेला चार्ल्सचा मंत्री स्ट्रॅफर्ड, आणि १८३७ साली शिपायांनी विटंबलेला चार्ल्स. सगळे कैदेत, नाहीतर मरणाच्या दारात.

फ्रान्सने १७९३ साली आपला राजा आणि राणी दोघांनाही गिलोटिनवर चढवलं होतं. १८३० च्या जुलैत पुन्हा उठाव होऊन दहावा चार्ल्स देश सोडून गेला. सलोंमध्ये येणाऱ्या कित्येकांच्या घरातलं कुणी ना कुणी त्या धामधुमीत गेलेलं. स्वतःच्या राजाचा शिरच्छेद भिंतीवर टांगणं म्हणजे ओल्या जखमेवर बोट. शेजारच्या देशातला, दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा प्रसंग मांडला तर मात्र लोक त्यासमोर उभे राहून आपलं रडू शकत होते. क्रॉमवेलच्या चित्रावर जर्मन कवी हाइनने १८३१ च्या सलोंविषयी लिहिताना पानंच्या पानं लिहिली आहेत. क्रॉमवेल पेटीत बघतोय ही दंतकथा, पण त्याचा चेहरा कोरा आहे. जिंकल्याचा आनंद नाही, पश्चात्ताप नाही. बघणारा आपापल्या बाजूने वाचतो. ते मूळ चित्र आता फ्रान्समधल्या नीम शहरात असतं, आणि आँरिकेल-द्युपाँने केलेल्या छापचित्रातून ते सगळीकडे गेलं.

माझं सगळ्यांत आवडतं मात्र दोन राजपुत्रांचं. पाचवा एडवर्ड बारा वर्षांचा, भाऊ रिचर्ड नऊ. १४८३ साली ते टॉवरमध्ये गेले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. देलारोशने त्यांना पलंगाच्या कडेला एकमेकांना चिकटून बसवलंय, समोर पुस्तक उघडं. पायाशी छोटा कुत्रा, आणि त्या कुत्र्याने मान वळवून दाराकडे पाहिलंय. दाराच्या फटीखाली उजेडाची एक रेघ आहे. संपूर्ण चित्रात मारेकरी कुठेच नाही. ती रेघ म्हणजे मारेकरी. या चित्रावरून पॅरिसमध्ये १८३३ साली नाटकही आलं. आणि छापचित्रात, कोरणी दादा म्हणाले तसं, ती रेघसुद्धा कागदच असणार ना!

कोरणी

हो, तीही कागदच. मी हे आजवर असं बघितलं नव्हतं.

राजपुत्रांवरून आठवलं. इंग्लिश चित्रकार मिलेने १८७८ मध्ये तेच दोघे जिन्याच्या पायथ्याशी उभे केले. काळे कपडे, पिवळे केस, हातात हात. त्याचं छापचित्र सॅम्युएल कझिन्सने मेझोटिंटमध्ये केलं. मेझोटिंटची रीत बरोबर उलटी. आधी दातेरी हत्याराने सगळा पत्रा खडबडीत करून घ्यायचा. तसाच छापला तर मखमलीसारखा गडद काळा येतो. मग त्या काळ्यातून घासून, गुळगुळीत करत करत उजेड बाहेर काढायचा. म्हणजे आधी रात्र करायची आणि त्यातून दोन चेहरे शोधायचे. त्या विषयाला याहून चपखल पद्धत सुचत नाही.

थेम्सकाठ

मी लंडनमध्ये राहते, जेनचं मूळ चित्र नॅशनल गॅलरीत आहे. जवळजवळ अडीच मीटर उंच आणि तीन मीटर रुंद, माणसं खऱ्या मापाची वाटतात. शनिवारी मुद्दाम जाऊन आले. जेनच्या बोटांपाशी पाच मिनिटं उभी राहिले. बोटं ठोकळ्याच्या कडेपासून अगदी थोडी लांब आहेत.

शिसपेन्सिल ताई, तुमच्या छापचित्राचं मोल वाढवणारी एक हकिकत सांगते. हे चित्र १९०२ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहात आलं आणि टेट गॅलरीत होतं. जानेवारी १९२८ मध्ये थेम्सला पूर आला, पाणी गॅलरीच्या तळघरात शिरलं आणि हे चित्र नष्ट झालं असं सगळ्यांनी धरून चालवलं. १९७३ साली तिथल्या एका अभ्यासकाला जॉन मार्टिनचं पाँपेईच्या विनाशाचं हरवलेलं चित्र हवं होतं. गुंडाळी उलगडली, तर आत जेन ग्रे. तीही जवळपास धडधाकट. १९७५ पासून ती पुन्हा भिंतीवर आहे.

म्हणजे पंचेचाळीस वर्षं हे चित्र जगाच्या लेखी नव्हतंच. त्या काळात कुणी जेनला बघितलं असेल तर ते तुमच्या आजोबांच्या ट्रंकेतल्यासारख्या कागदांवर. तुमची आजी जिच्यासाठी हळहळत होती ती तेव्हा एका गुंडाळीत अंधारात पडलेली होती.

चार्ल्सच्या विटंबनेचं जे चित्र ओवीने सांगितलं, त्याची गतही अशीच. १९४१ मध्ये लंडनवर बाँब पडले तेव्हा ते फाटलं, आणि गेलं असंच सगळे समजत होते. २००९ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्याची गुंडाळी उलगडली. नंतर नॅशनल गॅलरीने ते चिरांसकट मांडलं. मी ते पाहिलंय. चार्ल्सचा चेहरा शांत, आणि कॅनव्हासवर खऱ्या जखमा.

शिसपेन्सिल

थेम्सकाठ, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. आजी १९६९ ला गेली. म्हणजे ती हळहळायची तेव्हा मूळ चित्र कुणालाच दिसत नव्हतं. तिच्याकडे होतं.

सरळरेघ

पुराची हकिकत मला ठाऊक नव्हती. धन्यवाद.

पांढऱ्या झग्याच्या मुद्द्यावर स्वतःच्याच म्हणण्याला पुस्ती जोडतो, कारण ओवी यांचं वाचून पुन्हा विचार केला. २० जून १८३७ ला पहाटे चौथा विल्यम वारला, आणि अठरा वर्षांच्या व्हिक्टोरियाने त्याच दिवशी केन्सिंग्टन राजवाड्यात पहिली सल्लागार सभा घेतली. अंगात सुतकाचा काळा पोशाख होता. डेव्हिड विल्कीने ती सभा रंगवताना तिला पांढरा पोशाख घातला. त्याचंही छापचित्र निघालं. राणीला पुढे ते चित्र मुळीच आवडेनासं झालं.

जेन आणि व्हिक्टोरिया, दोघी काळ्या कपड्यांत होत्या, दोघींना चित्रकारांनी पांढऱ्यात बसवलं. भोवतीची माणसं काळपट गर्दीत. एकीला राज्य मिळालं, एकीचं गेलं. विल्कीला खोलीतल्या सगळ्या म्हाताऱ्या मुत्सद्द्यांत नजर त्या मुलीवर खिळवायची होती हे मला समजतं. पण शिक्षक म्हणून माझा आग्रह राहीलच, की चित्राखाली "प्रत्यक्षात काळा पोशाख" एवढी ओळ छापावी. चित्र काढून टाका असं मी म्हणत नाही.

ओवी

ती ओळ असावी याला माझाही पाठिंबा. काळं होतं हे कळल्यावर पांढऱ्याचा अर्थ उलट जास्त उलगडतो.

दुपारचं_ऊन

तज्ज्ञांच्या मध्ये बोलतोय. माझ्याकडे रद्दीतून घेतलेला इंग्लंडच्या इतिहासाचा एक जाडजूड सचित्र भाग आहे. चित्रं पानातल्या मजकुरातच छापलेली आहेत, वेगळी नाहीत. कडेला दबलेली खूण नाही. एका मोठ्या चित्रात, मला वाटतं स्मिथफील्डला बंडखोरांसमोर घोड्यावर आलेला दुसरा रिचर्ड, मधोमध एक बारीक पांढरी रेघ वरून खाली गेलीय, घोड्याच्या पोटातून. कागद तिथे दुमडलेला नाही. हे काय असावं?

कोरणी

सांधा आहे तो! नशीबवान आहात, असा स्पष्ट सांधा सहसा दिसत नाही.

तुमची चित्रं लाकडी ठोकळ्यांवरची आहेत. टॉमस ब्युइक या न्यूकॅसलच्या माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही रीत नावारूपाला आणली. बॉक्सवुड नावाचं अतिशय घट्ट लाकूड घ्यायचं, पण फळीसारखं उभं चिरायचं नाही. खोडाचा आडवा काप घ्यायचा, म्हणजे वर्तुळं दिसतात तो. त्यावर धातूसारखं बारीक कोरता येतं. इथे मात्र हिशेब उलटा: जे कोरून काढलं ते पांढरं, जे उरलं ते काळं छापतं. ठोकळ्याची उंची छपाईच्या अक्षरखिळ्यांएवढी ठेवली की मजकुरासोबत एकाच छपाईत चित्र निघतं. म्हणून ही पुस्तकं स्वस्त झाली. १८५० च्या दशकात कॅसल या प्रकाशकाने इंग्लंडचा सचित्र इतिहास असा भागाभागाने, सामान्य माणसाला झेपेल अशा किमतीत काढला. कामगाराच्या घरात राजाराणी शिरले ते या ठोकळ्यांमधून.

बॉक्सवुडचं झाड बारीक असतं, त्यामुळे ठोकळा तळहातापेक्षा फार मोठा मिळत नाही. मोठं चित्र हवं तर अनेक ठोकळे पाठीमागून बोल्टने आवळून जोडायचे. सचित्र साप्ताहिकांत घाई असायची, तेव्हा चित्र ठोकळ्यांवर काढून झालं की ते सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे. एकाकडे घोड्याचा पुढचा भाग, दुसऱ्याकडे मागचा. पुन्हा जोडल्यावर मुख्य कारागीर सांध्यावरच्या रेघा जुळवून घ्यायचा. लाकूड आक्रसलं किंवा बोल्ट ढिला झाला की सांधा पांढरा होऊन छापात उतरतो. तुमच्या घोड्याच्या पोटातली रेघ तीच.

त्या रेघेच्या दोन्ही बाजूंची सावली भिंगातून बघा. हात वेगळे असतील तर फरक कळेल.

दुपारचं_ऊन

बघितलं. डावीकडच्या रेघा वळणदार आहेत, उजवीकडच्या सरळ आणि थोड्या कोरड्या. पुढचे पाय एकाचे आणि मागचे दुसऱ्याचे! मुलीलाही दाखवलं, ती अख्खं पुस्तक सांधे शोधत बसलीय.

पेठकर

धागा सुंदर चाललाय. थोडं पुण्याकडे नेतो, कारण याच मुशीतलं एक चित्र आपल्या दरबाराचं आहे. १७९० साली टिपूविरुद्ध पेशवे आणि इंग्रजांचा तह झाला, इंग्रजांकडून चार्ल्स मॅलेट होता. तो प्रसंग टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये लंडनला बसून रंगवला. तो स्वतः त्या दरबारात नव्हता. पुण्यात राहून सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सच्या कच्च्या कामावरून त्याने ते बांधलं, कारण वेल्स १७९५ मध्येच वारला होता. त्याचंही मेझोटिंट निघालं. शनिवारवाडा जळाल्यावर आतला दरबार कसा दिसत असेल हे विचारलं की आपणही त्या चित्राकडेच बोट दाखवतो. सरळरेघ सरांचा प्रश्न इथेही लागू होतो. पण ते नसतं तर आपल्या हाताशी काय उरलं असतं, हाही विचार मनात येतो.

रानजाई

स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिची छापचित्रं कुणी पाहिलीत का? ८ फेब्रुवारी १५८७, फोदरिंगे. तीही डोळे बांधून ठोकळ्यापाशी. तिच्या झग्याखाली तिचा छोटा कुत्रा लपला होता हे वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

ओवी

पाहिलीत, पुष्कळ आहेत. बहुतेकांत चित्रकार त्या सकाळचं काहीतरी आधीचं निवडतो: दासींचा निरोप, जिना उतरणं. प्रत्यक्ष घाव दाखवायची हिंमत छापचित्रांनी क्वचितच केली. ती एडिसनच्या कंपनीने १८९५ मध्ये केली, मेरीच्या शिरच्छेदाची काही सेकंदांची फिल्म. कॅमेरा थांबवून नटाच्या जागी बाहुली ठेवली आणि पुन्हा सुरू केला. पूर्ण शतक जी कुऱ्हाड हवेत थांबवून ठेवली होती ती तिथे खाली आली. कुत्रा मात्र मला त्यात आठवत नाही.

कोरणी

शिसपेन्सिल ताई, मूळ मुद्द्याकडे. फ्रेम एकदा उघडून बघा असं सुचवतो. समास कापला तरी फ्रेमवाले कधीकधी थोडी कड माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, दुमडून ठेवतात. उघडताना घाई नको. कागद सेलोटेपने चिकटवला असेल तर ओढू नका, तसाच राहू द्या. मागे साधा पुठ्ठा असेल तर तो मात्र लगेच बदला, त्याच्यातल्या आम्लाने कागद तपकिरी होतो. तपकिरी ठिपके दिसले तर लिंबू, ब्लीच, काहीही लावू नका. डावीकडे 'पिंक्सिट' म्हणजे 'रंगवलं' आणि उजवीकडे 'स्कल्प्सिट' म्हणजे 'कोरलं', असे लॅटिन शब्द किंवा त्यांची आखूड रूपं नावांपुढे असतात. उजवा कोपरा नीट तपासा.

शिसपेन्सिल

आज सकाळी उघडली. मुलगा आणि नातू दोघं शेजारी बसले होते.

पुठ्ठा साधाच होता, तो फेकला. माउंटच्या तिरक्या कडेबरहुकूम चित्राभोवती तपकिरी चौकट उमटलीय. दुमडलेली कड नव्हती. डावा कोपरा पूर्ण गेलाय. उजव्या कोपऱ्यात कात्री किंचित वर चढलीय, त्यामुळे तिथे कागदाची जेमतेम दोन मिलिमीटर पट्टी उरलीय. भिंग लावलं तर त्या पट्टीच्या तळाशी अक्षरांचे माथे दिसतात. बाकीची अक्षरं बुटकी असावीत, त्यांचं काही उरलं नाही. फक्त चार उंच दांड्या. पहिली एकटी, मग मोकळी जागा, मग दोन जवळजवळ. त्यानंतर पुन्हा मोकळं आणि शेवटी एक दांडी, ती बहुधा 'स्कल्प'मधल्या लची.

नातवाने ट्रेसिंग पेपरवर दांड्यांमधलं अंतर उतरवून घेतलंय. झग्याच्या खांद्याचा आणि या पट्टीचा, दोन्ही फोटो खाली टाकतेय.

कोरणी

फोटो मोठा करून बघितला. पहिल्या दांडीला वर डावीकडे छोटा फराटा आहे, म्हणजे ते मोठ्या लिपीतलं आद्याक्षर असू शकतं. ट्रेसिंग स्वच्छ आहे, पोराचा हात चांगला आहे. त्या काळातल्या पोलादी पत्र्यांवर कोरणाऱ्यांच्या नावांची यादी माझ्याकडे आहे, तिच्याशी अंतरं जुळवून बघतो. झग्याचा फोटो जरा तिरक्या उजेडात पुन्हा काढाल का? खांद्यापाशी अगदीच कोरं नाही. तिथे एक रेघ सुरू करून त्याने हात उचललाय असं वाटतंय.